चंदेरीच्या वाटेवरचे नवे बूट

त्या आठवड्यात आईची बोटं निळी झाली होती. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या बाजारातून बाबांनी जीन्सच्या कापडाचे उरलेसुरले तुकडे आणले होते, आणि कुळगावातल्या आमच्या दोन खोल्यांत शिलाई मशीनच्या तेलाचा नि कोऱ्या कापडाच्या खळीचा वास भरून राहिला होता. त्यातून माझी पाठपिशवी आकाराला येत होती... खांदे दुखू नयेत म्हणून पट्ट्यांत जुन्या गादीतला कापूस भरलेली.

बाबा एका औषध कंपनीत पॅकिंग खात्यात होते, त्यामुळे सामान बांधणं हा त्यांच्या अभिमानाचा विषय. जड डबा पाठीला चिकटून, हलकं बाहेर, पाणी हाताशी, अंथरायला खोक्यांवरचं जाड प्लॅस्टिक. रोज दाढी करताना त्यांना चंदेरीचा सुळका समोर दिसे. वर्षानुवर्षं नुसतंच बघून झाल्यावर, मी सहावीत असतानाच्या हिवाळ्यात, मला घेऊन तिथल्या गुहेपर्यंत जायचं त्यांनी ठरवलं, आणि उरलेली एकुलती एक रजा त्यासाठी राखून ठेवली.

मला मात्र पांढरे कॅनव्हासचे बूट हवे होते.

"जुनेच घाल पोरी, नव्यांनी टाचा सोलतील," बाबा म्हणाले. मी दोन दिवस धड जेवले नाही. शेवटी कॅम्पातल्या दुकानात शेठ म्हणाला, "ले लो साहब, बच्ची का दिल मत तोडो," आणि बाबा विरघळले. त्या कोऱ्या रबराचा वास तेव्हा मला काय आवडला होता! आज आठवला की माझी मलाच लाज वाटते.

वाळलेल्या गवतातून, दगडगोट्यांच्या ओढ्यातून आम्ही चढत होतो. टाचा पहिल्या तासातच पोळू लागल्या होत्या, पण हट्ट माझाच असल्यामुळे बोलायची सोय नव्हती. गुहा अर्ध्या तासावर राहिली आणि मी मटकन खाली बसले. मोजे रक्ताने भिजले होते.

"आधी का नाही बोललीस?" बाबांनी एवढंच विचारलं.

"तुम्ही जाऊन या ना. मी बसते इथं."

"एकटीला टाकून? डोंगर काय पळून जातोय?"

पिशवी पोटावर आणि मला पाठीवर घेऊन ते थांबत थांबत उतरले.

डोंगर तिथंच राहिला. पण पुढच्या हिवाळ्यांत काही ना काही निघत गेलं — कंपनीतला संप, माझी दहावी, मग त्यांचे गुडघे. नोकरीला लागल्यावर मी मैत्रिणींबरोबर त्या गुहेत जाऊन आले. संध्याकाळी परतले, तर बाबा दारात खुर्ची टाकून वाटच बघत होते.

"तिथून आपलं घर दिसतं का गं?"

मी सगळा वेळ फोटो काढण्यात घालवला होता. पाहायचं सुचलंच नव्हतं.

"दिसतं," मी म्हणाले.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले, आणि कितीतरी वेळ खुशीत बसून राहिले.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. घर खरंच दिसतं का, हे पाहून यायचा धीर मला अजून झालेला नाही...