नॉर्वेला जाताना पुढच्या बाकावर कोण

आमच्या घरी मोटार नव्हती. तरी मोटारीनं नॉर्वेला जायचं ठरत होतं, आणि पुढच्या बाकावर कोण बसणार यावर बोलणं अडलं होतं. हे आधीच सांगून टाकते. पत्रकं लिहायला शिकले तेव्हा पहिली शिकवण हीच मिळाली, की मुद्दा वरच्या ओळीत घालावा. खालच्या ओळी पोलीस वाचतात.

माझे वडील, अण्णा, औरंगाबादेत एका जहागीरदार साहेबांच्या मोटारीवर ड्रायव्हर. गाडी काळी, लांबलचक. पुढं चामड्याचा एकच सलग बाक, मागं मऊ गादी आणि गादीच्या दोन्ही बाजूंना हिरवे पडदे. मागं साहेब बसत, किंवा पडदे ओढून त्यांच्या बेगमसाहेबा. पुढं अण्णा एकटे. ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी ठेवायची, हा त्या घराचा रिवाज. तिथं बसणारा माणूस मालकाच्या पुढं बसतो ना, म्हणून. नोकराचा हुक्का, मालकाची टोपी, पाहुण्याची छत्री, काहीही त्या जागेवर ठेवलेलं चालायचं. माणूस चालत नव्हता. माझ्या जन्माआधीपासून अण्णा ती रिकामी जागा शेजारी घेऊन गावोगाव हिंडले. माझी माय ती गाडी रोज बाहेरून बघायची. आत कधी बसली नव्हती.

एका वर्षी साहेब हवापालट करायला विलायतेकडं गेले आणि तिथून भाच्यांना घेऊन नॉर्वे नावाच्या मुलखात हिंडून आले. बेगमसाहेबांना नेलं नव्हतं. परतल्यावर वैजापूरच्या रस्त्यानं जाता-येता ते मागच्या गादीवरून अण्णांच्या पाठीला तिथल्या गोष्टी सांगायचे. पाठ उत्तर देत नाही, त्यामुळं माणूस मोकळेपणानं बोलतो. त्या दिवशी अण्णा घरी आले ते जेवायलाच बसेनात.

"साहेब तिथं सोता गाडी चालवत व्हते," ते म्हणाले.

मायनं विचारलं, ड्रायव्हर आजारी होता का.

अण्णांनी समजावलं, की ड्रायव्हर नव्हताच. तिकडं मोटार भाड्यानं मिळते, घरची माणसं बसवायची आणि आपणच चालवत न्यायची. साहेबांनी हातमोजे घालून चालवली. रस्त्यावर बर्फ होतं तरी चालवली. मला संताप आला. इथं या माणसाला गाडीचं दार स्वतःच्या हातानं उघडता येत नाही, पायदानावर पाऊल ठेवेपर्यंत अण्णा कमरेत वाकून उभे असतात. तिथं जाऊन हे हात चालायला लागले म्हणजे हातांत दोष नव्हता, मुलखात होता. मी तसं म्हणालेही. अण्णांचं लक्ष नव्हतं. ते वेगळाच हिशेब घालत होते.

"तिथं मालकच चालवतो," ते सावकाश म्हणाले. "मंग जो चालवतो, तो मालकच की."

मी कागद शोधायला उठले, तर म्हणाले, हे छापायचं नाय बरं का.

त्या वाक्यापासून आमची नॉर्वेची तयारी सुरू झाली. साहेबांनी टाकून दिलेला तिथल्या रस्त्यांचा नकाशा अण्णांनी मागून आणला. तिन्हीसांजेला तो अंगणात बाजेवर पसरायचा आणि उडू नये म्हणून कोपऱ्यांवर चिंचोके ठेवायचे. त्यावरची नावं कोणाला वाचता येईनात. अक्षरं इंग्रजीच, पण कुणाच्या डोक्यावर गोल, कुणाच्या पोटातून काडी घुसलेली. मग अण्णांनी आपली नावं दिली. जिथं बोट लागते ते औरंगाबाद. पुढचा मुक्काम फुलंब्री, कारण ते मायचं माहेर आणि पहिला मुक्काम ओळखीच्या ठिकाणी असावा. आणि वर, जिथं समुद्र डोंगरांच्या आत लांबवर शिरलाय, ते अजिंठा.

"लेण्यांच्या खाली नदी वळती ना," अण्णा सांगायचे, "ती दरी काठोकाठ पाण्यानं भरली असं समज. अन् त्या पाण्यातून आगबोट आली. मोटार आगबोटीवर चढती, माणसं घेऊन."

माय विचारायची, बोटीत खाली उतरावं लागतं का. अण्णा म्हणायचे, नाय, बसून राहायचं. मायला ते फार आवडलं होतं. मोटार बोटीवर, आपण मोटारीत, आणि दोन्ही बाजूंनी डोंगर हळूहळू मागं जातायत. ती हे पुन्हा पुन्हा सांगायला लावायची आणि ऐकताना तिचे हात मांडीवर उताणे पडलेले असायचे. एरवी मी ते हात रिकामे बघितलेले नाहीत.

थंडीची तिची कल्पना म्हणजे साहेबांच्या दावतीला लाकडाच्या भुशातून आलेली बर्फाची लादी. तसलं रस्त्यावर पसरलेलं असणार, तर दोन वाकळा पुरणार नाहीत, तिनं तिसरी शिवायला घेतली. ज्वारीचं पीठ न्यायचं, पण उकळतं पाणी असल्याशिवाय पीठ धरत नाही, म्हणजे चुलीचं बघावं लागणार. तूप थिजून दगड होईल, ते पोटाशी धरून न्यायचं. करोडगिरीच्या जकात नाक्यावर लोणचं अडवतील का, हेही विचारून झालं. सगळ्यात मोठी अडचण संकष्टीची निघाली. उन्हाळ्यात तिकडं सूर्य मावळतच नाही, असं साहेब म्हणाले होते. मग चंद्र कधी उगवणार आणि माय उपास कधी सोडणार? यावर अण्णांनी बरेच दिवस विचार केला. शेवटी म्हणाले, आपण हिवाळ्यात जाऊ.

आणि बसण्याचा सराव. तिकडं रस्त्याच्या उजव्या अंगानं चालायचं आणि चालवायचं चाक डावीकडं असतं, हे अण्णांना पक्कं कळलं होतं. नकाशा गुंडाळला की ते बाजेच्या डाव्या कडेला बसायचे, माय पदर कमरेला खोचून उजवीकडं, पुढच्या बाकावर. मी मागं, ज्वारीच्या पोत्यावर. पुढं कोण यावर अडलेलं बोलणं तिनं सरावाच्या पहिल्याच दिवशी तिथं बसून मिटवलं होतं. पण अण्णांची नजर मधूनच तिच्याकडं जायची आणि ते पुढचं वळण चुकायचे. त्या जागी माणूस असण्याची त्यांना सवय नव्हती.

मी तेव्हा मराठी मुलींच्या शाळेसाठी दारोदार हिंडत होते. मुलीनं घरात मराठी बोलायचं आणि शाळेत उर्दूतून भूगोल पाठ करायचा, मग तिला ना भूगोल येतो ना उर्दू. निझामाच्या राज्यात शाळा काढायला परवानगी लागे. परवानगी मागायला सभा, सभेला परवानगी. आखाड्यालाही परवानगी. अर्ज करून करून माझी बोटं शाईनं निळी झाली होती आणि शेवटी मी शपथ घेतली, की यापुढं या मुलखात कोणाकडं काही मागणार नाही. जे आपलं आहे ते घेणार. असं पेटून घरी यावं, तर ही दोघं बाजेवर बसून बर्फातून चाललेली.

एकदा सभा नाकारल्याचा कागद हातात होता. दोघांना बघून मी म्हणाले, "त्या गाडीत बसून फुलंब्रीला जाता येत नाही, आणि नॉर्वेला निघालेत."

अण्णांनी चिंचोके उचलले. नकाशा गोळा झाला. मग माय म्हणाली,

"मंग फुलंब्रीलाच जाऊ."

ते ती सहज म्हणाली नव्हती. साहेब पाहुण्यांना लेणी दाखवायला दुसऱ्याच्या मोटारीनं अजिंठ्याला गेले होते, आपली गाडी दुरुस्तीला होती. ती झाली की अण्णांनी रिकामी घेऊन अजिंठ्याला जायचं होतं. रस्ता फुलंब्रीवरून. मायनं हे सगळं मनात धरून ठेवलं होतं. फुलंब्रीपर्यंत पुढं बसायचं, माहेरी उतरायचं, प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं परत यायचं. बस्स.

मी म्हणाले, बसा सरळ, विचारायचं कशाला. अण्णा म्हणाले, चौकातनं गाडी जाईपर्यंत साहेबांच्या कानी जाईल, नोकरी जाईल. मग साहेबांना विचारा. तर अण्णांची जीभ रेटेना. त्या माणसाशी ते इतकी वर्षं पाठीनं बोलत आले होते. मी तर शपथच घेतलेली. राहता राहिली माय. मी तिला पुन्हा सांगितलं, की हा आपला हक्क आहे, हक्काला परवानगी लागत नाही.

"चोरून बसले तर बसल्यासारखं वाटणार नाय मला," ती म्हणाली. "सबंध रस्ता खाली वाकून जावं लागंल."

दुसऱ्या दिवशी ती बेगमसाहेबांकडं गेली. त्यांच्याकडं रजया शिवायला तिचं पूर्वीपासून जाणं होतं. मी बरोबर गेले, आणि मनात एक भाषण तयार ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. बेगमसाहेबा तक्क्याला टेकून सुपारी कातरत होत्या. मायनं इकडचं तिकडचं न करता सांगितलं, की फुलंब्रीपर्यंत पुढच्या बाकावर बसून जायचंय. त्यांनी विचारलं, पुढंच कशाला? मग मायला नॉर्वे सांगावा लागला.

ती सांगत गेली. बर्फ, डोंगरात शिरलेला समुद्र, मोटार घेऊन जाणारी बोट, साहेबांचे हातमोजे. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की अडकित्ता थांबलाय. साहेबांनी घरी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. नवरा कुठं जाऊन आला, हे त्या आता ड्रायव्हरच्या बायकोच्या तोंडून ऐकत होत्या. सूर्य मावळत नाही म्हटल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "फिर रोजा कब खोलते होंगे?" माय म्हणाली, माझ्या संकष्टीचं बी तेच अडलंय. दोघी हसायला लागल्या. हसता हसता बेगमसाहेबांनी डोळे पुसले, आणि मग जरा वेळ खिडकीवरच्या बांबूच्या चिकाकडं बघत राहिल्या.

"सामनेच बैठो," त्या म्हणाल्या. "लेकिन कैसा दिखता, आ को मेरेकू बोलना. मैं पीछेसे खाली पगडी देखी." इतकी वर्षं मागून त्यांना नुसती पगडीच दिसली होती; पुढून कसं दिसतं ते येऊन सांग, म्हणत होत्या.

निघालो त्या सकाळी धुकं होतं. पौषातलं, जाड, ओलं. गाडी वेशीबाहेर उभी, आणि अण्णा डावीकडचं दार उघडून, नेहमीसारखे कमरेत वाकून. माय आली ती तडक उजवीकडच्या दाराशी गेली, दार उघडलं, पदर खोचला आणि चाकामागं जाऊन बसली. बाजेवर ती उजवीकडंच बसायला शिकली होती.

अण्णा हसले नाहीत. "अगं, तिथं नाय," ते म्हणाले. "आपण अजून निझामाच्या मुलखात हाओत."

"थांबा जरा," माय म्हणाली.

तिनं चाकावर दोन्ही हात ठेवले. समोरच्या काचेतून धुक्यात बघितलं. मग खाली न उतरता बाकावरून सरकत सरकत डाव्या कडेला गेली.

मी मागं, साहेबांच्या गादीवर. पहिलं काम म्हणजे पडदे बाजूला सारले. पण मागून खरंच काही दिसत नाही. एक पगडी, एक पदर, आणि मधून पांढरं काहीतरी वाहतंय. आजूबाजूचं सगळं गाव, शेतं, ज्वारीची ताटं, कुठं तरी विरघळली होती. एखादं कडुलिंबाचं झाड जवळ यायचं, थांबून बघितल्यासारखं करायचं आणि जायचं. मायनं काहीतरी विचारलं. मला "पानी" एवढंच ऐकू आलं. अण्णा म्हणाले, येईल आता. कुठलं पाणी हे मी विचारलं नाही.

पुढं रस्ता सरळ आणि रिकामा लागला. तिथं अण्णांनी गाडी हळूच उजवीकडं घेतली. अगदी उजव्या अंगाला, आणि तशीच चालवत राहिले. इंजिनाचा आवाज एकसारखा, धुकं दोन्ही बाजूंनी उंच झालेलं, आणि मी, जिला स्वप्नांचा राग येतो, जिला वाटतं की लोकांना स्वप्नं दिली की ते हक्क मागत नाहीत, ती मी पाय वर घेऊन गादीवर बसले आणि बोट आता सुटेल म्हणून वाट बघायला लागले. मग समोरून बैलगाडीचा कंदील हलत आला आणि अण्णांनी गाडी मुकाट डाव्या अंगाला घेतली.

फुलंब्रीला धुकं उठलं. माय उतरली. तिला काय दिसलं, हे मी सर्व्हिस मोटारीत परत येताना विचारलं, घरी विचारलं. ती माहेरचंच काहीतरी सांगायची. दुसऱ्या दिवशी ती बेगमसाहेबांकडं गेली आणि दुपारभर आत होती. मी बाहेरच्या ओट्यावर पेन्सिल घेऊन बसले होते. आली तेव्हा म्हटलं, आता तरी सांग.

"तुला सांगितलं तर तू छापशील," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी नकाशा पुन्हा पसरला. नंतर सराव. अण्णा डावीकडं बसले. माय उजव्या कडेला न बसता मधे, त्यांना खेटून बसली, आणि कडेच्या रिकाम्या जागेवर तिनं नवी वाकळ घडी करून ठेवली.

"ही बेगमसाहेबांची," ती म्हणाली. "पडदा नको म्हणल्यात. तिथं कोण ओळखतंय."

अण्णांनी बाज डोळ्यांनी मोजली. बाक सलग हाय, मावतील, म्हणाले.

"आणि साहेब?" मी विचारलं.

"त्यांला येती की चालवता," माय म्हणाली. "त्यांनी दुसरी भाड्यानं घ्यावी."

मुलींच्या शाळेची परवानगी अजून आलेली नाही. आम्ही ती न घेताच एका ओसरीवर वर्ग सुरू केलाय, बंद करायला येतील तेव्हा बघू. बेगमसाहेबा अजून पडद्यामागंच बसतात. आमच्या बाजेवर मात्र उजव्या कडेची जागा सोडलेली असते. परवा मी दमून आले आणि तिथं टेकले, तर मायनं मला उठवून पोत्यावर बसवलं.