त्याला मराठी वाचता येत नव्हतं

अन्याय दोघींवर झाला. माझ्यावर, आणि पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीवर. संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेदहाला, हैदराबादेतल्या अंबरपेठेत, आमच्या घरात. मैत्रिणीचं नाव लिहिणार नाही. त्या घरात ते एकदा मोठ्याने वाचलं गेलंय, पुरे झालं.

लग्नानंतर नवऱ्याने नवा फोन दिला. स्वतःच सगळं भरून, चालू करून. त्यात चोरून एक ॲपही भरलं. मी लिहिलेलं, मला आलेलं, सगळं त्याच्या फोनवर उमटायचं. पण तो हैदराबादचा, इंग्रजी शाळेतला, दुसरी भाषा तेलुगू. मराठी फर्डी बोलतो, वाचता येत नाही. आम्ही दोघी लिहायचो मराठीत. आठ महिने त्याच्याकडे नुसती अक्षरं साठली. संशय वाढला, तशी ती त्याने वडिलांपुढे धरली. सासरे निवृत्त शिक्षक.

मी पोहे घेऊन आले तेव्हा ते वाचत होते. वर्गात धडा वाचावा तसं, स्वल्पविरामाला थांबत. "या घरात मला कामाला हाक मारतात, गप्पांना नाही." माझं वाक्य. सासूबाई मेथी निवडत ऐकत होत्या. मग मैत्रिणीचं उत्तर आलं. तिचं मूल पोटातच गेलं होतं. तिने ते आईलाही सांगितलं नव्हतं. सासरे अडखळले. नवरा म्हणाला, "पुढे वाचा ना, बाबा."

त्यांनी वाचलं.

शोधत होता परपुरुष. सापडलं एका बाईचं दुःख. तरी त्यांच्या मते लाज मलाच वाटायला हवी होती.

सासूबाई म्हणाल्या, घरच्यांनीच वाचलं ना गं, बाहेर थोडंच गेलं? बाहेरच गेलं होतं. कुठल्या कंपनीच्या यंत्रात जाऊन पडलं, तिचा मालक कोण, हे नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने आपला फोन माझ्यापुढे सरकवला. "ले, तूपण बघ माझा. हिसाब बराबर."

"मला तुझा नकोय," मी म्हणाले. "माझं माझ्यापाशी राहू दे."

दुपारी शेजारणीच्या फोनवरून मैत्रिणीला सगळं सांगितलं. लपवलं असतं तर मीही त्याच्याच जातीची. ती म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. पण आता मला लिहू नकोस."

मनातलं सांगावं असं मला दुसरं कुणी नव्हतं. अजून नाही.

दुसऱ्या दिवशी फोन घरीच ठेवून गौलीगुड्याला बायकांच्या संघटनेत गेले. मी कुठे जाते तेही त्याला दिसायचं. तिथल्या ताईंनी ॲप लगेच काढू दिलं नाही. पुरावा जाईल, आणि हातातून सुटणाऱ्या बायकोवर असा माणूस हात उगारतो. आधी राहायला जागा बघ, म्हणाल्या. बघितली. पंधरा दिवसांनी घर सोडलं.

काळजीपोटी केलं, असं तो आजही सांगतो. ज्याची काळजी असते त्याला विचारतात. चोरून वाचतात ती पाळत.

हे वाचणाऱ्यांनो, तुम्ही कुणाच्या फोनात असं काही भरलं असेल, तर आज तिच्यासमोर बसा. काय काय वाचलंत, कुणाकुणाला दाखवलंत, सगळं सांगा. आणि ती उठून निघाली तर दार अडवू नका.