गूजबेरीचा मेथांबा

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातला फ्लॅट सोडून आम्ही खेड्यातल्या एका जुन्या दगडी घरात राहायला गेलो, तेव्हा नवऱ्याला हवी होती शांतता आणि मला माती. रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात माझा दिवस मास्क आणि हातमोजे घालून जायचा. धुळीचा कणसुद्धा तिथे चालत नाही. घरी आले की गमबूट चढवून मी थेट परसात.

तिथे गूजबेरीचं एक म्हातारं, काटेरी झुडूप होतं. पहिल्या उन्हाळ्यात त्यावर हिरव्या अळ्या पडल्या आणि बघता बघता नुसत्या काड्या उरल्या. शेजारी एक आजोबा एकटेच राहायचे, जन्मभर गाई पाळलेले. कुंपणावरून बघून म्हणाले, "उपटून टाक ते. बटाटे लाव."

बटाटे मी लावलेच, पण झुडूप उपटलं नाही. हिवाळ्यात आतली दाटी छाटली, बुंध्याशी शेणखत घातलं. पालवी फुटल्यापासून रोज कामावरून आले की गुडघे टेकून पानं उलटून बघायची, अळी दिसली की चिरडायची. पाऊस असला तर रेनकोट घालून. नवरा खिडकीतून चहाचा कप दाखवायचा, मी नुसती मान हलवायचे.

जूनमध्ये फांद्या फळांनी वाकल्या. हिरवीगार, अंगावर शिरा असलेली, छोट्या आवळ्याएवढी फळं. हात ओरबाडून निघाले, तरी मोठं पातेलं काठोकाठ भरेपर्यंत मी उठले नाही. ते घेऊन घरात शिरताना माझी चालच बदलली होती. अळ्यांना मी हरवलं होतं.

नागपूरचा उकाडा टाळायला आई तेव्हा आमच्याकडे आली होती. जूनमध्येही अंगात स्वेटर. तिने एक फळ चावलं आणि डोळे मिटून घेतले. "हे तं कैरीवानी आंबट आहे वं. मेथांबा करतो मी याचा."

मोहरी तडतडली, मेथ्या लाल झाल्या, हिंग पडला, गूळ विरघळला. खिडक्या बंद असलेल्या त्या घरात वास असा भरला की घरून काम करणारा नवरा मीटिंग सोडून ओट्याशी येऊन उभा राहिला.

एक बरणी आजोबांना दिली. तिखट आहे, थोडंच घ्या, असं बजावलंही. रविवारी ते बरणी धुऊन घेऊन आले.

"थंड हॅमबरोबर खाल्लं," ते म्हणाले. "ग्रँड."

"ग्रँड म्हंजे लय आवडलं का?" आईने मला विचारलं.

"ग्रँड म्हणजे ठीक. इथे हवासुद्धा ग्रँडच असते."

"ठीक असतं तं चार दिवसांत संपवलं असतं का त्यायनं?"

आजोबा दारातच घुटमळले. मग म्हणाले, "पानगळीत त्या झुडपाच्या दोन-चार काड्या देशील का? माझ्याकडे लावीन म्हणतो."

मी आईला मराठीत सांगितलं, तर तिने त्यांची बरणी पुन्हा भरायला घेतली. त्या पानगळीत मी काड्या छाटून दिल्या. त्यांच्या गोठ्यामागे त्या सगळ्या रुजल्या.

पुढे २०१९च्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा एकटीने, आईला एकही फोन न करता मेथांबा केला. गूळ बरोबर पडला होता. मागच्या पायरीवर बसून नवऱ्याने आणि मी तो गरम पोळीशी खाल्ला. रात्रीची जेवणं आटोपली तरी परसात लख्ख ऊन होतं, आणि मला कुठेही जायची घाई नव्हती.