कपाळाला लावलेलं कार्ड

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावात एका हॉलमध्ये रविवारी जुन्या बेसबॉल कार्डांचा, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेल्या कार्डांचा बाजार भरायचा. तिथला एक म्हातारा विक्रेता कार्ड ओल्या फोटोसारखं कडांनी धरायचा आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही.

एकदा त्याच्या टेबलावरून पडलेल्या कार्डाला माझा पाय लागला. सवयीने मी ते उचलून कपाळाला लावलं आणि घाबरलो. घामाचा डाग पडला तरी अशा कार्डाची किंमत उतरते.

"हे काय केलंस?" त्याने विचारलं.

"पाय लागला, म्हणून नमस्कार केला."

"लोक फक्त किंमत विचारतात," तो म्हणाला, आणि सगळ्यात जुनं कार्ड कव्हरमधून काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवलं.

माझ्या व्हिसाचं काम चालू होतं त्या दिवसांत जो तो माझे कागद तपासायचा. या माणसाने मात्र त्याचा जपलेला कागद माझ्या हातात दिला.