घरी न आणलेली बॅग

मी भौतिकशास्त्र घेऊन कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेज आणि नोकरी एकाच वेळी करता येते की नाही, हे विचारायला घरात कोणी नव्हतं. मी दोन्ही करून बघितलं, इतकंच.

काम एका संस्थेचं आहे. आश्रमशाळांमध्ये जाऊन मुलांचे कान तपासायचे. सुरुवातीला आम्ही धडगावच्या बाजूला जात असू, कधी तोरणमाळपर्यंत. नंतर संस्थेनं दुसऱ्या राज्यांतल्या लोकांनाही हे काम शिकवायचं ठरवलं आणि महिन्यातून दोनदा तरी प्रवास सुरू झाला. नंदुरबारहून रेल्वेनं सुरतेला, तिथून विमानानं पुढे. शिकवायचं काम ताईंचं. त्या नाशिकच्या, पण नोकरीमुळे बरीच वर्षं नंदुरबारलाच राहतात. मी त्यांची मदतनीस. कान तपासायचं यंत्र माझ्या ताब्यात असतं. ते नाजूक असल्यामुळे विमानाच्या पोटात सामानाबरोबर टाकता येत नाही, हातातल्या बॅगेतूनच न्यावं लागतं.

तेव्हा माझ्याकडे कापडी बॅग होती. आईनं बाजारातून आणलेली, निळी, दोन बंदांची. घरी आले की मी ती पत्र्याखालच्या फळीवर ठेवायची. तिच्याच शेजारच्या खुंटीवर आईचं कामाचं लुगडं आणि तोंडाला बांधायचं फडकं टांगलेलं असायचं. आई मिरचीच्या पथारीवर काम करते. शहराबाहेर मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घालतात, तिला पथारी म्हणतात. मिरची पसरायची, उलटायची, देठ खुडायचे, पोत्यात भरायची. दिवाळीच्या आगेमागे हंगाम सुरू होतो आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतो. त्या दिवसांत आमच्या घरात पाहुणा आला की आधी शिंकतो आणि मग बसतो. आम्हाला काही होत नाही. आम्हाला तो वासही येत नाही.

पावसाळ्यातले प्रवास नीट झाले. हंगाम सुरू झाल्यावरच्या पहिल्याच प्रवासात ते घडलं. गेस्ट हाऊसमध्ये आम्हा दोघींना एक खोली होती. खिडकी उघडत नव्हती, एसी चालू होता. मी बॅग उघडली आणि पांघरायची चादर काढून झटकली. ताई खोकल्या. मला वाटलं, ठसका लागला असेल. मी पाणी दिलं. पण खोकला थांबेना. त्यांनी पर्समधून दम्याचा पंप काढला, दोनदा ओढला, मग तिसऱ्यांदाही ओढला. त्या काहीतरी सांगायला बघत होत्या आणि शब्द फुटत नव्हता. खाली धावत जाऊन मी मॅनेजरला बोलावलं. दवाखान्यात त्यांना वाफेचा मास्क लावला. डॉक्टरांनी विचारलं, धूर, धूळ, रंग, असं काही नाकात गेलं का? मी ‘माहीत नाही’ म्हणाले, कारण तोपर्यंत मला खरंच माहीत नव्हतं.

परत येताना रेल्वेत ताईंनीच विषय काढला.

“तुझ्या बॅगेत मिरची असते का गं?”

“नाही ताई. पण आई मिरचीत काम करते.”

त्यांनी पर्समधला पंप चाचपून बघितला. मग म्हणाल्या, “मी तुझ्यावर रागावलेली नाही. पण पुन्हा असं झालं तर मला ऑफिसात सांगावं लागेल. मला श्वास तर घ्यायला हवा ना.”

त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी दुसरं कोणी शिकवू शकत नव्हतं. माझ्या जागी दुसरी मुलगी सहज मिळाली असती. आणि मला ते काम सोडायचं नव्हतं. कानावर हेडफोन लावलेलं मूल बारीक आवाज ऐकू आला की हात वर करतं. जे मूल हात वर करत नाही, त्याला वर्गात ढ का म्हणत होते ते त्या क्षणी कळतं. ते बघितल्यापासून मला दुसरं काही करावंसं वाटत नव्हतं.

घरी आल्यावर आईला सांगायला मला दोन दिवस लागले. घरी आम्ही अहिराणी बोलतो, आणि अहिराणीत मला लपवून बोलता येत नाही. आई भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं आणि हसली.

“मिरचीघाई कोनी दवाखानामा जास का?”

मिरचीमुळे कोणी दवाखान्यात जातं, हे तिला खरंच वाटेना. तिच्या पथारीवर बायका दिवसभर बसतात, गूळ खातात, हाताला तेल लावतात, एकमेकींना चिडवतात. नवीन बाई पहिले दोन दिवस रडते, मग तीही हसायला लागते. ताई शहरातल्या, नाजूक, असं काहीतरी आई म्हणाली. मी वाद घातला नाही. फक्त सांगितलं की मला नवी बॅग लागेल, अशी की जिच्यात मिरची शिरणार नाही. आई म्हणाली, मग सुट्टीच्या दिवशी मीही येते.

बाजारातलं बॅगांचं दुकान एका मारवाडी शेठचं आहे. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ आमच्यापेक्षा चांगली अहिराणी बोलतात. मायलेकी बॅग घ्यायला आल्या म्हणताच त्यांनी भली मोठी लाल बॅग खाली काढली आणि आईला विचारलं, “लगीन कवय शे, मावशी?”

“लगीन नही, शेठ. पोर नोकरीले जास.”

“मंग नवरदेवले थांबनं पडी,” असं म्हणत त्यांनी लाल बॅग परत वर ठेवली.

मी विमानात हाताशी ठेवता येते तेवढीच बॅग मागितली. आधी त्यांनी कापडी ट्रॉली बॅग दाखवली. कापड जाड, आपटली तरी तडा जात नाही, बाहेर कप्पे, सतत फिरणारे लोक हीच नेतात, असं त्यांचं म्हणणं. एरवी मीही तीच घेतली असती, पण कापडात मिरची मुरते. मी नको म्हटल्यावर त्यांनी कडक कवचाची, चेन असलेली बॅग काढली. ती आडवी ठेवून त्यावर चक्क उभे राहिले आणि म्हणाले, बघा, माझ्या बायकोला दाखवू नका, ती म्हणेल वजन कमी करा. कवच जरा दबलं आणि परत वर आलं. चाकं चार होती, लहान. आमच्या गल्लीतल्या खडीत ती फिरतील असं वाटेना. पण माझं लक्ष चेनवर होतं. चेनच्या दोन्ही बाजूंना कापडी पट्टी असते.

मला नेमकं काय तपासायचं आहे ते मला तोपर्यंत सांगता येत नव्हतं. मग एकदम सुचलं. मी शेठना विचारून मोबाईलचा दिवा लावला, मोबाईल बॅगेत ठेवला आणि चेन लावली. दुकानाच्या मागच्या खोलीत अंधार होता, तिथे बॅग नेली. आई माझ्या मागून आली. अंधारात चेनच्या दातांमधून बारीक बारीक ठिपके चमकत होते, सगळ्या बाजूंनी, ओळीनं. कोपऱ्यांत तर उजेडाची रेघच दिसत होती.

आईनं खाली वाकून त्या रेघेवर बोट ठेवलं.

“इतलं उघडं ऱ्हास का हाई?”

पथारीवर उन्हात जी धूळ तरंगते ती या ठिपक्यांपेक्षा कितीतरी बारीक असते. आईनं ती रोज बघितलेली. ताईंना काय झालं असेल, हे मला वाटतं तिला त्या अंधारात पटलं. दुकानात परत आल्यावर ती शेठच्या विनोदांवर हसली नाही.

मी शेठना खरी अडचण सांगितली. त्यांनी डोकं खाजवलं, शिडी लावली आणि अगदी वरच्या फळीवरून एक राखाडी बॅग उतरवली. चेन नाही, बाजूला खटके, मध्ये धातूची चौकट आणि चौकटीत रबराची पट्टी. खाली दोनच चाकं, पण मोठी. ही आता कोणी घेत नाही, जड असते, असं त्यांनी आपणहून सांगितलं. मी परत मोबाईल आत ठेवला, खटके दाबले आणि आम्ही तिघंही मागच्या खोलीत गेलो. काहीच दिसलं नाही. एका खटक्यापाशी अंधुक डाग होता. शेठनी चौकट जरा दाबून रबर नीट बसवलं, आणि तोही गेला.

वजनाचा प्रश्न होताच. विमानात हातातल्या बॅगेला सात किलोची मर्यादा. या बॅगेचं स्वतःचंच वजन निम्म्याच्या आसपास, वरून यंत्र. म्हणजे कपड्यांचे दोन जोड आणि एक पातळ चादर, बस. पुस्तक एखादंच. मी चाकं फिरवून बघितली, दांडा वर-खाली केला, तो डुगडुगत नव्हता. कोपऱ्यांना धातू होता. बारा महिने खेचली तरी टिकेल असं वाटलं. मी होकार दिला.

आत मऊ कापडाचं अस्तर होतं. मी शेठना ते काढून द्याल का विचारलं. त्यांनी कानावर हात ठेवले. नव्या बॅगेचं अस्तर फाडायचं, लोक काय म्हणतील, मला पाप लागेल. शेवटी कात्री मात्र त्यांनीच दिली. काउंटरवर बॅग उघडी ठेवून मी कडेकडेनं अस्तर कापत गेले, आणि आई दोन पावलं मागे उभी राहिली. मी तिला एक टोक धरायला सांगितलं. तिनं हात पुढे केले, स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि परत मागे घेतले. बोटांच्या कडांना, नखांत, हंगामात लाल रंग राहतोच, कितीही घासलं तरी. टोक शेठनी धरलं.

दुकानाबाहेर आल्यावर आई म्हणाली, “हाई बॅग घर आनू नको.”

मी म्हणाले, इतकं नको, खटके आहेत, रबर आहे, बंद करून ठेवीन. तिनं नाही म्हणून मान हलवली. घरात उघडलीस की झालं, असं ती म्हणाली. मग तिनं स्वतःच सगळं ठरवलं. बॅग संस्थेच्या ऑफिसात राहील. प्रवासाचे दोन नवे जोड आणि नवी चादर तिच्यातच राहतील. ते गेस्ट हाऊसमध्येच धुवायचे आणि तिथेच वाळवायचे. घरातून निघताना मी अंघोळ करून कॉलेजच्या वसतिगृहात मैत्रिणीकडे जायचं, तिथेच ठेवलेले कपडे घालायचे आणि मग ऑफिसात. ती एखाद्या आजारी माणसाचं पथ्य सांगावं तसं बोलत होती. मी ऐकत होते. आम्ही चालत ऑफिसपर्यंत गेलो. ती फाटकाबाहेर थांबली आणि मी बॅग आत ठेवून आले.

आईनं ती बॅग त्या दिवशी बघितली तेवढीच.

आमच्याकडे कोणी गावाला निघालं की बॅग आईच भरते. मी पहिल्यांदा धडगावला गेले तेव्हाही तिनंच भरली होती. वर शेंगदाण्याची चटणी, खाली चादर, मध्ये कपडे, आणि कपड्यांच्या घडीत काहीतरी गोड, जे मला तिकडे गेल्यावर सापडायचं. यावेळी निघायच्या दिवशी मी रिकाम्या हातांनी दारात उभी होते. आईला काय करावं सुचत नव्हतं. तिनं दोनदा विचारलं, काही राहिलं तर नाही? घरातून काही न्यायचंच नव्हतं, त्यामुळे राहण्यासारखं काही नव्हतं. मी वाकून नमस्कार करायला गेले तर ती एक पाऊल मागे सरली. मग तिच्या लक्षात आलं की मला कपडे बदलायचेच आहेत. तेव्हा तिनं डोक्यावर हात ठेवला. स्टेशनवर सोडायला ती यावेळी आली नाही. ताई तिथे असणार होत्या.

गेस्ट हाऊस पुन्हा तसंच, बंद खिडकीचं. ताई पलंगावर बसल्या होत्या. मी विचारलं, उघडू का? त्या ‘उघड’ म्हणाल्या, पण पंप त्यांच्या मुठीत होता. मी बॅग खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात नेली आणि खटके उघडले. यंत्र काढलं. कपडे काढले. चादर काढली, झटकली नाही, घडी तशीच उलगडली. मी त्यांच्या छातीकडे बघत होते, आणि त्यांना ते कळत होतं. थोड्या वेळानं त्यांनी पंप टेबलावर ठेवला आणि विचारलं, जेवायला खाली जायचं की वर मागवायचं?

मी बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन आईला फोन लावला. ती पथारीवरच होती. पोती ओढल्याचा आवाज येत होता. तिनं मी कशी आहे, पोहोचले का, यातलं काही विचारलं नाही.

“तुन्ही ताई खोकलनी का?”

मी नाही म्हणाले. पलीकडे एका बाईनं आईला हाक मारली, आई तिला थांब म्हणाली.

“मंग आते टेसनवर येऊ का मी?”

मी लगेच हो म्हणाले नाही. एका खोलीत एकदा ठीक झालं, म्हणून पुढेही ठीक होईल असं नसतं. हंगाम अजून बराच बाकी होता. फोन तसाच धरून मी आत आले आणि ताईंना विचारलं, आई मला घ्यायला स्टेशनवर आली तर चालेल का? ताईंनी माझ्याकडे जरा विचित्रपणे बघितलं. आई निघताना त्यांच्यामुळे आली नव्हती हे त्यांना माहीतच नव्हतं. “अगं, प्लॅटफॉर्म उघडा असतो,” त्या म्हणाल्या. “येऊ दे त्यांना.”

मी आईला म्हटलं, “आंग धुईसन ये.”

“ते त धुसूच,” ती म्हणाली आणि फोन ठेवून कामाला गेली.