धुवायला सांगितलेल्या ओढण्या

वॉर्ड ऑफिसात पाळणाघरांच्या तपासणीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला कोण आनंद झाला होता! दुसऱ्याच्या घरातली अस्वच्छता शोधायचा पगार मिळणार, आणखी काय हवं? माझं नाक तिखट, आणि राग त्याच नाकाच्या शेंड्यावर.

बिबवेवाडीतलं ते पाळणाघर बालवाडीच्या एका निवृत्त बाईंच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत होतं. दुपारी एक वाजता मी बेलकडे हात नेला, तोच दार उघडलं.

"वाजवा की. मग अकरा जणांना झोपवायचं तुमच्याकडे," बाई हळूच म्हणाल्या.

खिडक्यांना जाळ्या, गॅस मुलांच्या हाताबाहेर, पाणी झाकलेलं. खोट सापडेना, तसा माझा पारा चढायला लागला. एवढ्यात मुलांची झोपायची वेळ झाली आणि बाईंनी सतरंजीवर एक टोपली रिकामी केली. जुन्या ओढण्या, साडीचे तुकडे, एक गाऊन. घामाचा, तेलाचा, दुधाचा आंबूस वास आला.

"हे धुतलेलं नाही!"

"नाहीच. या पोरांच्या आयांच्या अंगावरचे आहेत. अहो, पाच मिनिटं थांबून बघा तरी."

मला अजून दोन ठिकाणं करायची होती. मी उभ्या उभ्याच शेरा लिहिला: सर्व कपडे धुतलेलेच असावेत, पूर्ततेनंतरच परवानगी. परवानगीशिवाय पाळणाघर बंद करावं लागणार, हे त्यांना आणि मला दोघींनाही ठाऊक होतं.

आठवड्याने पुन्हा गेले. खोलीत साबणाचा छान वास होता आणि रडण्याचा कल्लोळ. फक्त दीड वर्षाची एक मुलगी रडत नव्हती. ती ढिगापाशी बसून एकेक कपडा उचलून नाकाला लावत होती आणि खाली ठेवत होती. सगळे संपले. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"काय करतेय ही?"

"आईला शोधतेय," बाई म्हणाल्या. "चार दिवस दुपारची झोपली नाही. आई कात्रजला शाळेत नवीन लागलीय. अजून दोन-तीन दिवस ही झोपली नाही तर नोकरी सोडते म्हणाली."

"मग दुसरी ओढणी मागवायची ना!"

"तुम्ही 'धुतलेलेच' लिहिलंय, मॅडम. आम्ही नियम पाळतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच बसून मी शेरा खोडला आणि नवा लिहिला: प्रत्येक कपडा वेगळ्या पिशवीत ठेवावा. दर आठवड्याला आईने घरी धुवावा व एक दिवस अंगावर वापरून मगच पाळणाघरात द्यावा.

ऑफिसात साहेबांनी तो शेरा दोनदा वाचला. "अहो, वापरलेले कपडे द्या, असं आपण लिहून द्यायचं? यावर मी सही करू?"

"सही नंतर करा, साहेब. आधी दुपारी एक वाजता पाळणाघरात या."

ते आले. आम्ही दोघं चपला हातात घेऊन दारात उभे राहिलो. बाईंनी पिशव्या उघडून कपडे सतरंजीवर ठेवले. कुणाचं नाव नाही, खूण नाही. अकरा पोरं रांगत, लटपटत आली आणि हुंगायला लागली. भांडण नाही, ओढाओढ नाही. ज्यांना धड बोलता येत नव्हतं, त्यांना एवढ्या ढिगातून आपली आई ओळखता येत होती! माझ्या अंगावर काटा आला. सगळं जग नाकाने तपासत हिंडले मी, पण नाक कशासाठी दिलेलं असतं हे मला त्या दुपारी कळलं.

ती मुलगी शेवटी आली. एक ओढणी हुंगून तिने बाजूला ठेवली. दुसरीही ठेवली. तिसरी नाकाशी नेली, तशीच धरून ठेवली, आणि बसल्या जागी कलंडली.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. कागद दाराच्या चौकटीला टेकवून, आवाज न करता, त्यांनी सही केली.