नानांनी निवडलेली रायफल

"पहिले खाली कर, मंग बोल."

सुरतजवळ उधन्याच्या आमच्या मिलच्या फाटकावर सुटीच्या वेळी हे वाक्य सतत ऐकू यायचं. कामगार बाहेर पडताना नाना प्रत्येकाची पिशवी उघडायला लावत. कुणी घाई दाखवली की दोन बोटं पिशवीकडे आणि हेच वाक्य. एकदा खुद्द सेठच्या मेहुण्याचा डबा त्यांनी उघडायला लावला. आत भेंडीची भाजी निघाली. "चांगली शे," म्हणत त्यांनी झाकण लावून डबा परत दिला.

असा एखादा वॉचमन तुम्हीही पाहिला असेल. त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. आम्ही त्यांना फौजीनाना म्हणायचो. ते धुळ्याकडचे. पलटणीत बंदुका दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली, मग सुरत. गोडादऱ्यात एक खोली, खोलीत बायको आणि हातात मिलची काठी. मी टाइम ऑफिसात कारकून. मीही खानदेशचाच, म्हणून माझ्याशी ते मोकळेपणी बोलायचे.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. शेजारच्या एका मिलवर पगाराच्या दिवशी दरोडा पडला आणि आमच्या सेठनं ठरवलं की फाटकावर आता रायफलवाला एकच माणूस ठेवायचा, काठीवाले तिघेही कमी करायचे. नाना निर्धास्त होते. तिघांत फौजी ते एकटेच. बंदूक त्यांच्या हाती नाही द्यायची तर कुणाच्या? त्यात सेठनं रायफल निवडायचं काम त्यांनाच सांगितलं, मग तर प्रश्नच मिटला.

मला मात्र वेगळं ठाऊक होतं. परवान्याचा अर्ज मीच टाइप केला होता. सेठच्या परवान्यावर बंदूक बाळगणारा म्हणून जे नाव होतं, ते कामरेजच्या एका तिशीतल्या गड्याचं. तो सेठच्या तिथल्या शेतावर होता. छाती रुंद, मिशी भरघोस. नानांचं वय झालं होतं, असं सेठचं म्हणणं. "काका पासे पसंद करावी ले, पछी जोईशुं," असं ते मला म्हणाले; म्हणजे नानांकडून निवडून घे, मग पाहू. मी मान हलवली. मान हलवायचाच मला पगार होता.

दुकानात नानांबरोबर मीच गेलो. सेठला खालच्या दांड्याची विलायती रायफल हवी होती. दांडा खाली ओढून वर दाबला की गोळी नळीत चढते, ती. जुन्या मालात तशा तीन निघाल्या. पहिलीच्या दस्त्यावर नक्षी होती. दुकानदार म्हणाला, "काका, आ एकदम फर्स्ट क्लास छे."

नानांनी दांडा खाली ओढून नळीच्या मागच्या तोंडात बोट घातलं आणि ती रिकामी असल्याची खात्री केली. मग गोळीवर आपटणारा मागचा घोडा अर्ध्यावरच्या सुरक्षित खाचेत अडकवला, नळी जमिनीकडे धरली आणि चाप जोरात ओढला. घोडा खट्कन पडला.

"ही सेठच्या दिवाणखान्यात लावा," ते म्हणाले. "अर्ध्यावरचा घोडा पडाले नको. घसरला तर समोरचा मरतो, आणि समोर दरोडेखोरच असतो असं नाही."

दुसरीत त्यांनी नकली काडतुसं भरली आणि दांडा मुद्दाम हळू ओढला. काडतूस आडवं होऊन अडकलं. दुकानदार म्हणाला, जोरात ओढा ना. नाना म्हणाले, "घाबरेल माणूस जोरात ओढत नही, भाऊ. अर्धाच ओढतो."

तिसरी दिसायला भिकार होती. लाकूड खरवडलेलं, नळीचा रंग उडालेला. नाना स्टुलावर बसले आणि डोळे मिटून दांडा ओढत राहिले, हळू, जोरात, अर्धवट, पुन्हा हळू. दुकानदारानं चहा मागवला, चहा निवला. मी शेजारी उभा होतो. सांगायला भरपूर वेळ होता. मी चहा प्यालो.

"हाईच," नाना म्हणाले. सेठ नक्षीवालीसाठी हटून बसले होते. त्यांच्याशी नानांनी दोन दिवस वाद घातला आणि जिंकले. त्या दोन दिवसांत ते इतके खुशीत होते की पिशव्या वरवर पाहून सोडत.

मग कामरेजचा गडी आला. सेठनं नानांना केबिनमध्ये बोलावून सगळं सांगितलं. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा रोजच्यासारखाच होता. मला वाटलं, आता काठी टाकून निघून जातील. त्यांनी त्या गड्याला हाक मारली.

तीन दिवस त्यांनी त्याला शिकवलं. ही बंदूक रिकामी करताना प्रत्येक गोळी आधी नळीत चढते, मगच बाहेर पडते, म्हणून पाळी संपल्यावरच धोका जास्त, हे त्यांनी त्याला वीसदा सांगितलं असेल. नळीचं तोंड भिंतीकडे, बोट चापाबाहेर. गड्याचा अंगठा घोड्यावरून घसरला की नाना त्याचा हात धरून पुन्हा पहिल्यापासून करायला लावत. मी खिडकीतून बघत होतो. मला काही वाटत नव्हतं. खरंच, काहीही नाही. हजेरीपत्रकाच्या रेघा मारत होतो.

शेवटच्या दिवशी ते कार्ड जमा करायला माझ्याकडे आले.

"तुले माहीत व्हतं ना, भाऊ?"

"हो."

त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं, कोपरे सारखे केले. "सांगाले पाहिजे व्हतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "तरी मी बंदूक हीच काढली असती."

मी त्यांच्या नावापुढे लाल रेघ मारली. ते फाटकापर्यंत गेले आणि आपली पिशवी उघडून त्या नव्या गड्यासमोर धरली. त्याला काय करायचं ते कळेना. त्यानं माझ्या खिडकीकडे पाहिलं.

गोडादऱ्यातली त्यांची खोली मला माहीत होती. सायकलनं वीस मिनिटं. मी आणखी चार वर्षं त्या मिलमध्ये होतो. एकदाही गेलो नाही.